ड जीवनसत्त्वाची रोजची मात्रा

शिरोळ तालुक्यात उन्हाची उणीव आहे असे कोणी म्हटले तर लोक त्यास वेड्यात काढतील. कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या काठचा हा सपाट मुलूख. विषुववृत्तापासून आपण जेमतेम सतरा अंशांवर आहो, आणि पावसाळ्याचे महिने वगळता सूर्य आपणांस एक दिवसही चुकवीत नाही. असे असूनही सूर्यप्रकाशाने अंगात आपोआप तयार व्हावयाचे जे ड जीवनसत्त्व, ते गोळ्या, पुड्या व थेंब या रूपांनी येथील औषधांच्या दुकानांतून विकत घेतले जाते. काहींस त्याची खरोखरच गरज असते, काहींस मुळीच नसते, आणि काही जण ते गरजेच्या कित्येक पट घेऊन बसतात. तेव्हा सूर्याच्या राज्यात ही उणीव यावी का, आणि आली तर ती भरून काढण्याची निर्धोक रीत कोणती, या दोन प्रश्नांचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांतला दुसरा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो.

या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकतात, छातीच्या फासळ्यांवर गाठी येतात, टाळू वेळेवर भरत नाही. आपल्या आज्या या रोगास मुडदूस म्हणत. मुडदुसाचा सूर्याशी संबंध आहे हे प्रथम ज्यांनी आग्रहाने मांडले त्यांत एका मिशनरी वैद्याचा मान मोठा आहे. थिओबाल्ड पाम हे जपानात निइगाता येथे सुमारे दहा वर्षे वैद्यकीय सेवा करीत होते. इंग्लंडात परतल्यावर तेथील धुरकट गावांतून मुडदुसाची पोरे पाहून त्यांस आश्चर्य वाटले, कारण जपानात गरिबी असूनही हा रोग त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. त्यांनी चीन, हिंदुस्थान, सिलोन इत्यादी देशांतील मिशनरी वैद्यांस पत्रे धाडून चौकशी केली, उत्तरांची जुळणी केली आणि १८९० साली असे प्रतिपादन केले की, या रोगाचे मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावात आहे व मुलांस पद्धतशीर सूर्यस्नान घालावे. हाती प्रयोगशाळा नाही, केवळ टपालाची तिकिटे; पण निष्कर्ष खरा ठरला.

पुढे १९२१-२२ च्या सुमारास डॉ. हचिसन यांनी पटेल व शाह या आपल्या सहकाऱ्यांसह मुंबई इलाख्यात याच प्रश्नाचा शोध घेतला. त्यांस जे आढळले ते आपल्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. खाऊनपिऊन सुखी परंतु पडदा पाळणाऱ्या घरांत, जेथे बाळ व बाळंतीण महिनोन् महिने अंधाऱ्या खोलीत राहत, तेथे मुडदूस होता. याउलट निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या पण आईच्या पाठीवर उन्हातान्हात वाढणाऱ्या मजुरांच्या मुलांत तो नव्हता. म्हणजे डोक्यावर सूर्य असणे निराळे आणि त्याचे किरण अंगास लागणे निराळे.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९१९ साली इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखविले की, कॉड माशाच्या यकृताचे तेल मुडदूस थांबविते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याने मुडदुसाची मुले बरी केली. त्यांनी एकाच हातावर प्रकाश पाडला तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. अर्थात कातडीत तयार झालेला काही पदार्थ रक्तावाटे सर्वांगास पोहोचत होता. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी या पदार्थास ‘ड’ हे अक्षर दिले, आणि या वर्गाच्या रसायनांच्या शोधाबद्दल जर्मनीचे विंडाउस यांस १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या उन्हाकडे वळू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा (जुन्या पुस्तकांत यांस जंबुपार म्हणत) एक विशिष्ट भागच त्वचेत हे जीवनसत्त्व निर्माण करितो. हे किरण काचेतून आत येत नाहीत. यास्तव खिडकीत बसून घेतलेल्या उन्हाने ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना हेच किरण वातावरणात विरून जातात. सकाळचे कोवळे ऊन ड जीवनसत्त्वाने भरलेले असते हा समज आपल्याकडे घरोघर आहे व तो सोडणे अनेकांस जड जाईल. बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून कोवळ्या उन्हात निजविण्याची रीत गोड आहे, आम्ही तिला नावे ठेवीत नाही. परंतु हाडांच्या दृष्टीने तिचा लाभ अल्प आहे. खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडत असेल तेव्हाच किरण पुरेसे उतरतात. अशी वेळ म्हणजे सर्वसाधारणपणे दुपारच्या अलीकडील व पलीकडील दोन-तीन तास, आणि त्या वेळी तुम्ही वर्गात असता, कारकून कचेरीत असतो, दुकानदार गल्ल्यावर असतो.

शेतात राबणाऱ्यांस तरी ते मिळतच असेल असे वाटते. पण उसाच्या फडातील बाईकडे पाहा. उसाचे पाते करवतीसारखे कापते, म्हणून तिने साडीवर पुरुषी सदरा चढविलेला असतो, डोके व गाल फडक्याने बांधलेले असतात. दिवसभर उन्हात राहूनही तिच्या अंगाचा थोडाच भाग उन्हास लागतो. शिवाय सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे किरण अडविते. गोऱ्या माणसास जे ऊन पुरते ते आपणांस पुरत नाही. आहारात दुधाचे व नाचणीचे प्रमाण कमी असेल तर कॅल्शियम कमी पडते, आणि मग शरीरास या जीवनसत्त्वाचा खर्चही अधिक होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील वैद्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तरुण व निरोगी अशा १,१३७ व्यक्ती तपासल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम या पुरेशा मानलेल्या पातळीहून कमी होते. तेव्हा उणीव ही कल्पित गोष्ट नव्हे.

मग किती घ्यावे? येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. हे जीवनसत्त्व ‘आंतरराष्ट्रीय एकक’ या मापाने मोजतात व वेष्टनावर त्यापुढे ‘आय. यू.’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. चाळीस एकके म्हणजे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या देशातील वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविल्याप्रमाणे प्रौढ मनुष्याची रोजची गरज ६०० एकके, अर्थात १५ मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने एक ग्रॅम शुद्ध पदार्थ एका मनुष्यास १८० वर्षांहून अधिक काळ पुरेल! चिमटीत मावणाऱ्या साखरेएवढ्या वस्तूत एवढे सामर्थ्य असेल तर ती हाताळताना सोनाराच्या काट्याचीच सावधगिरी हवी. दररोज घेण्याची निर्धोक कमाल मर्यादा त्याच परिषदेने प्रौढांसाठी ४,००० एकके सांगितली आहे. लहान मुलांची याहून कमी असते.

आता औषधाच्या दुकानातील ती प्रसिद्ध पुडी किंवा गोळी हाती घ्या. तिच्यावर ६०,००० हा आकडा असतो. सहाशेने भागा: ही शंभर दिवसांची गरज एका घासात आहे. ज्याची उणीव वैद्याने तपासून ठरविली आहे त्यास ती आठवड्यातून एक, अशी सुमारे आठ आठवडे देण्याची पद्धत आहे, व तो रीतसर उपचार आहे. आमचा आक्षेप त्यास नाही. परंतु चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले ‘आठवड्यातून एक’ हे शब्द आजोबांस वाचता आले नाहीत आणि इतर गोळ्यांप्रमाणे तीही त्यांनी रोज घेतली, तर महिन्याअखेर अठरा लाख एकके त्यांच्या पोटात जातील. किंवा असे समजा की, आठ गोळ्यांनी कंबरदुखीस उतार पडला म्हणून त्यांनी चिठ्ठीवाचून आणखी आणल्या, शेजाऱ्यांसही सुचविल्या. ही नुसती भीती नव्हे. अशा अतिरेकाने आजारी पडलेल्यांच्या हकिगती आपल्या देशातील वैद्यांनी वेळोवेळी प्रसिद्ध केल्या आहेत.

अतिरेकाने होते ते असे. रक्तात कॅल्शियम वाढते. तोंडास कोरड पडते, तहान व लघवी वाढते, अन्नावरची वासना उडते, ओकाऱ्या व मलावरोध होतो, वृद्ध मनुष्य भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. आणि दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडे कायमची दुखावतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बव्हंशी लघवीवाटे निघून जातात. हे मात्र शरीराच्या चरबीत साठून राहते, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही त्रास कित्येक आठवडे, क्वचित महिने टिकतो. येथे निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. उन्हात कितीही वेळ राहिले तरी या जीवनसत्त्वाची बाधा होत नाही, कारण पुरेसे झाले की जादा भाग त्वचेतच मोडून टाकिला जातो. गोळीवाटे पोटात गेलेल्यास असा पहारेकरी नाही.

बाधा होवो न होवो, मोठी मात्रा एकदाच घेऊन मोकळे व्हावे हा विचार परिणामाच्या दृष्टीनेही फसवा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षे व त्यावरील २,२५६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला व त्याचे फल २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांस वर्षातून एकदाच पाच लाख एकके दिली होती. हाडे बळकट व्हावी हा हेतू. परंतु त्यांच्यात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी व हाडे मोडण्याचे २६ टक्क्यांनी वाढले. हेच पाच लाख ३६५ दिवसांत वाटले तर रोजचे सुमारे १,३७० होतात, जे कमाल मर्यादेच्या पुष्कळच आत आहे. पदार्थ तोच, वर्षाची बेरीज तीच. फरक केवळ विभागणीचा. अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली पन्नाशीपुढील गरजूंस अधूनमधून मोठी मात्रा देण्यापेक्षा रोज लहान मात्रा देणे बरे असे सुचविले आहे.

तशीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांस सुमारे पाच वर्षे रोज २,००० एकके किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहण्यात आले. उणीव पाहून त्यांची निवड केलेली नव्हती. २०२२ साली जाहीर झाले की, हाडे मोडण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. भरलेल्या घागरीत पाणी ओतून काय होणार? म्हणून धट्ट्याकट्ट्या माणसाने जाहिरात पाहून रक्त तपासण्याची व मोठ्या मात्रा घेण्याची घाई करू नये. वृद्ध, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दिवसभर घरात किंवा पूर्ण आच्छादित राहणारी माणसे आणि वाढत्या वयाची मुले यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्याने रोजच्या लहान मात्रेचा विचार अवश्य करावा. ज्यांस मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार अथवा क्षय आहे त्यांनी वैद्यास विचारल्यावाचून एक थेंबही घेऊ नये.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. आईचे दूध सर्वांगांनी श्रेष्ठ असले तरी त्यात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून जन्मापासून पहिले वर्षभर रोज ४०० एकके थेंबांच्या रूपाने द्यावी असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. बारशाच्या गडबडीत हे थेंब सुरू होतात आणि बाळ बसू लागले की विसरले जातात, असा बहुतेक घरांचा परिपाठ आहे. यापेक्षा मोठा धोका बाटलीच्या अदलाबदलीचा. थेंबांच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४०० एकके असतात, काहींत ८००. आणि मोठ्या माणसांसाठीच्या पाच मिलिलिटरच्या इवल्या बाटलीत ६०,०००. ती इवली बाटलीच बाळाची समजून पाजली गेली तर एका वेळी दीडशे दिवसांची मात्रा पोटात जाते.

आपल्या भागात शाकाहारी, विशेषतः जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, व त्यांचा एक प्रश्न रास्त असतो: ही गोळी कशाची करितात? ड-३ नावाचा सर्वांत गुणकारी प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील तेलकट अंशावर किरण पाडून करितात. आपल्या शिवारात बसावयास येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांच्या अंगावर असते तसलीच ही लोकर. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. दगडफुलाच्या जातीपासून केलेला प्रकारही मिळतो. मात्र मऊ गोळीचे वेष्टन पुष्कळदा जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते, तेव्हा ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी भुकटी किंवा साधी गोळी मागावी. गोळी कोणतीही असो, ती जेवणाबरोबर घ्यावी. अन्नातील तेलातुपाच्या संगतीने ती चांगली जिरते. काही दुधाच्या व तेलाच्या पिशव्यांवर अधिकचिन्हासह इंग्रजी ‘एफ’ अक्षर छापलेले असते. त्यांत हे जीवनसत्त्व आधीच थोडे घातलेले असते, ते हिशेबात धरावे.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ घरांत औषधावरील इंग्रजी अक्षरे वाचणारे तुम्हीच आहा. आज घरी गेल्यावर फळीवरच्या गोळ्या व बाटल्या खाली काढून त्यांवरील एककांचा आकडा पाहा, आणि साठ हजारांची गोळी आढळली तर वैद्याच्या चिठ्ठीत कोणता वार व किती आठवडे सांगितले आहेत ते वाचून पाकिटावर ठळक मराठीत लिहून ठेवा. बाळाच्या थेंबांची बाटली मात्र त्याच फळीवर परत ठेवू नका. तिला निराळी जागा द्या.