सव्वा महिन्यानंतरचा खाडा

"आज चौथा दिवस हाय बाई, लेकरानं शी केली नाही." नांदेड-लातूरकडच्या घरांत हे वाक्य कधी ऐकू येणार, हे जवळजवळ तारीख लावून सांगता येतं. बाळंतीण माहेरी असते. सव्वा महिना नुकताच सरलेला असतो, दीड महिन्याची लस दोन-चार दिवसांपूर्वी टोचून आणलेली असते. तोवर लेकरू जवळजवळ दर पाजणीला एक लंगोट भरवत होतं. दोरीवर दुपटी वाळायला जागा पुरत नव्हती. आणि अचानक सगळं बंद. आजीचा संशय लसीवर, मावशीचा नजरेवर, तर शेजारणीचा आईनं खाल्लेल्या तुरीच्या वरणावर. (लातूरसारख्या डाळीच्या गावात बाळंतिणीला तुरीचं वरण वर्ज्य, ही गंमत वेगळीच.)

तिघींचाही अंदाज चुकतो. अंगावर पिणाऱ्या लेकराची शी सहाव्या आठवड्याच्या आसपास कमी होणं हा आतड्याच्या वाढीतलाच एक टप्पा आहे. लस आणि सव्वा महिना त्याच सुमारास येतात, एवढाच त्यांचा संबंध.

नवजात बाळाच्या पोटात दूध पडलं की मोठं आतडं लगेच आकुंचन पावतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया मोठ्यांतही असते. सकाळच्या चहानंतर अनेकांना जी घाई होते, ती हीच. बाळात ती फार जोरकस असते, म्हणून एकीकडे पाजणी चालू आणि दुसरीकडे लंगोट ओला. काही आठवड्यांत ती शांत होते. आतडं लांब होतं, पाणी आणि अन्नरस शोषून घेण्यात तरबेज होतं. आईच्या दुधात वाया जाण्यासारखं मुळातच फार थोडं असतं. त्यातल्या प्रथिनांत दह्यासारखं घट्ट गोठणारं केसीन कमी आणि पातळ राहणारी जास्त. गाईच्या दुधात हे प्रमाण उलटं, सुमारे ८० टक्के केसीन. म्हणून वरच्या दुधावरच्या लेकराला खडा होतो, अंगावरच्याला सहसा होत नाही.

आईच्या दुधात आणखी एक नवल आहे. त्यात दोनशेहून अधिक प्रकारच्या अशा शर्करा आहेत, ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. लिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ प्रथिनांइतक्याच. न पचणारं अन्न आई कशाला बनवत असेल? ते बाळासाठी नसतंच, बाळाच्या आतड्यातल्या जंतूंसाठी असतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांना १८९९ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत फाटे फुटल्यासारखे दिसणारे जिवाणू सापडले. आज आपण त्यांना बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो. या शर्करांवर ते पोसतात, आणि शी मऊ राहण्यातही या शर्करांचा हात असतो. म्हणून आठव्या दिवशी झालेली शीसुद्धा मोहरी वाटून कालवल्यासारखी पिवळी आणि मऊ निघते. अंगावर पिणारी काही लेकरं सात-आठ, क्वचित दहा दिवसही खाडा करतात आणि ठणठणीत असतात.

थोडक्यात, बद्धकोष्ठ हे शी किती दिवसांनी झाली यावर ठरत नाही, कशी झाली यावर ठरतं. शेळीच्या लेंड्यांसारखी कोरडी, टणक गोळी पडली तर ते बद्धकोष्ठ, मग ती रोज का पडेना. मऊ झाली, लेकरू पितंय, दिवसात सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे, तर कॅलेंडर भिंतीवर राहू द्यावं.

"पण ते कुंथतंय किती!" हा पुढचा मुद्दा, आणि तो खरा आहे. तोंड लालबुंद, गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या. दहा-पंधरा मिनिटं किंचाळतं, मग एकदम सैल शी. घरातल्या बायांचा जीव अर्धा होतो. पण शी सैलच निघाली ना? मग अडचण शीची नाही, कसबाची आहे. शी बाहेर काढायला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: वरून पोटानं जोर लावायचा आणि खालची वाट ढिली सोडायची. लेकरू जोर लावतं आणि वाटही आवळून धरतं. त्यातून ते उताणं पडलेलं, मदतीला गुरुत्वाकर्षणही नाही. काही आठवड्यांत त्याला हे जमतं. इथेच विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून खाली लावायचा उपाय होतो. शी लगेच होते, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकला. पण साबणानं तिथली नाजूक त्वचा पोळते आणि लेकरू टोचणीची वाट बघायला शिकतं.

गुटीचंही असंच. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब, बाळहिरड्याचे दोन वेढे, मुरुडशेंगेचा एक, वेखंडाचा अर्धा. त्या उगाळण्याचा आवाज आणि वास मराठवाड्यातल्या कितीतरी लोकांच्या बालपणात मुरलेला आहे, माझ्याही. बाळहिरडा सारक आहे, तो काम करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सातव्या दिवशी गुटी दिली, आठव्या दिवशी शी झाली. श्रेय गुटीला. लेकरू आठव्या दिवशी तसंही करणारच होतं, हे पडताळून बघायला कुणाच्या घरात दुसरं तसंच लेकरू नसतं. वेढ्याचं माप उगाळणाऱ्या हाताच्या जोरावर बदलतं, सहाण उकळून घेतलेली नसते, आणि वेखंडातल्या बीटा-ॲसारोन या द्रव्यानं प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्यावर अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड अन्नात वापरायला बंदी केली. गुटीबद्दल माया असावी, पण सहा महिन्यांच्या आत ती तोंडात जाऊ नये, असं माझं मत आहे.

मधाची गोष्ट याहून वाईट. पोट साफ व्हावं म्हणून मध चाटवतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. त्याचं बहुतेकदा पहिलं दिसणारं लक्षण काय? शी बंद होणं. मग चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान टाकली जाते. म्हणजे ज्यासाठी मध चाटवला, तेच मधानं आणलं, असंही होऊ शकतं. वर्षाच्या आत मध नकोच, शास्त्रापुरता बोटभरसुद्धा नको.

आणि पाणी. "उन्हाळा काय चाललाय, लेकराचा घसा सुकत असंल." एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यातही शहरातल्या अंगावर पिणाऱ्या लेकरांना बाहेरच्या एका थेंबाची गरज नव्हती, कारण आईचं दूध शेकडा ८७-८८ भाग पाणीच आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हे तपासून १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं: फक्त दुधावरच्या बाळांना पाण्याची कमतरता पडत नाही. वरून पाजलेलं पाणी दुधाची जागा खातं आणि गढूळ असेल तर हगवण आणतं. पाणी प्यायचंय ते आईनं.

मग करायचं काय? अंगावर पाजत राहायचं, तेही एक बाजू पुरी रिती करून. पोटावर कोमट हातानं घड्याळाच्या दिशेनं गोल चोळावं, सायकल चालवल्यासारखे पाय हलवावेत, कुंथताना गुडघे पोटाशी धरून थोडं उभट घ्यावं. यानं शी होईलच असं नाही. पण अपाय होत नाही, आणि हाताला काम मिळालं की आजी सहाणेकडे वळत नाही. खरोखर खडा होत असेल तर आधी एकच प्रश्न: "वरचं काही देता का?" गाई-म्हशीचं दूध, डब्याची पावडर प्रमाणाबाहेर घट्ट कालवलेली, बऱ्याचदा उत्तर तिथंच सापडतं. एरंडेल तर नकोच. ते आतडं पिळवटतं, आणि ठसका लागून फुफ्फुसात उतरलं तर तेलाचा न्यूमोनिया होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण पहिल्या महिन्याचा नियम नेमका उलटा आहे. त्या दिवसांत शी कमी होणं म्हणजे बहुतेकदा दूध कमी पोचणं. पाचव्या दिवसानंतरही दिवसातून तीन-चारदा शी नाही, शू कमी, तर आठ दिवस वाट बघत बसू नये. वजन करून घ्यावं, स्तन नीट तोंडात धरलं जातंय का, हे कुणा जाणकाराकडून बघून घ्यावं. आणि जन्मानंतरची पहिली, डांबरासारखी काळी शी ४८ तासांत झालीच नाही तर थेट बालरोगतज्ज्ञ. डेन्मार्कचे हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला आजार असाच सुरू होतो. सुमारे पाच हजार जन्मांत एखाद्या बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोचलेल्याच नसतात. तो भाग ढिला पडत नाही आणि मागे सगळं तुंबतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे, गुटी नाही. हिरवी उलटी, ताणलेलं टणक पोट, शीत रक्त, पिणं सोडलेलं सुस्त लेकरू, जुनाट कावीळ आणि घोगरं रडणं, यातलं काहीही दिसलं तर दिवस कितवा हे मोजू नये. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे बालरोग विभाग आहेत.

एक विचित्र योगायोग मला खटकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची पद्धत उभी केली. देशानं ती स्वीकारली. तिच्या वेळापत्रकानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी येतात. पुढची ठरलेली घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे खाडे नेमके जेव्हा सुरू होतात, त्याच सुमारास ताई निरोप घेतात. बेचाळिसाव्या दिवशी वही मिटता मिटता त्यांनी आजीकडे बघून एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं, "आजी, आता लेकरू चार-आठ दिवस शी करणार नाही कधी कधी. मऊ असली तर काही उगाळू नका. खडा पडला, नाहीतर पोट टणक झालं, तर मला फोन करा."