पेट्रोलचा भाव आणि तेल कंपन्यांचा नफा : राग नेमका कुणावर?

रत्नागिरी (प्रतिनिधी) : 'शंभराचे टाक' असे सांगून पेट्रोल भरणाऱ्या दुचाकीस्वाराला लिटरचा भाव बहुधा ठाऊक नसतो. पूर्वी तसे नव्हते. २०१७ च्या जूनपर्यंत दर पंधरवड्याला भाव बदलत असे. दरवाढीची कुणकुण लागली की आदल्या रात्री पंपांवर रांगा लागत आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना मथळा मिळे. १६ जून २०१७ पासून भाव रोज ठरवण्याची पद्धत देशभर लागू झाली. रांगा संपल्या, मथळेही विरळ झाले. संशय मात्र कायम राहिला. जगात तेल महागले की आपल्याकडे भाव लगेच चढतो, स्वस्त झाले की हलत नाही आणि मधला पैसा तेल कंपन्या गिळतात, असे पंपावर आणि रिक्षा स्टँडवर सर्रास बोलले जाते.

हा संशय निराधार नाही, पण तो पूर्ण खराही नाही.

प्रथम लिटरभर पेट्रोलचा हिशेब पाहू. २०२४ च्या मध्याला दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे होते. त्यात तेलाची मूळ किंमत आणि वाहतूक मिळून ५५ रुपये ६६ पैसे, केंद्राचे उत्पादन शुल्क १९ रुपये ९० पैसे, पंपचालकाचे कमिशन ३ रुपये ७७ पैसे आणि उरलेले १५ रुपये ३९ पैसे दिल्ली सरकारचा कर. याच आकड्यांना महाराष्ट्राचा कर, म्हणजे २५ टक्के आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, लावला तर ढोबळमानाने भाव १०४ रुपयांच्या पुढे जातो. त्यातील सुमारे ४५ रुपये केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जातात. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरलेले असते. राज्याचा कर टक्केवारीत असल्याने तेल महागले की तो आपोआप वाढतो. ज्या पंपचालकाशी ग्राहक हुज्जत घालतो, त्याच्या वाट्याला तेव्हा शंभरातले चार रुपयेही येत नव्हते.

कंपन्यांचा नफा दडलेला असतो तो त्या ५५ रुपयांत. कागदोपत्री पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नियंत्रणमुक्त झाले. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ च्या आरंभापासून २२ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत, भाव जागचा हलला नाही. त्यानंतरच्या सोळा दिवसांत तो चौदा वेळा वाढून लिटरमागे १० रुपयांनी चढला. हा योगायोग होता, हे सामान्य माणसाला पटवणे कठीण आहे.

६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी भाव पुन्हा गोठवले. त्या वर्षी कच्चे तेल भडकले असताना इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघींना एप्रिल ते जून या तिमाहीत मिळून सुमारे साडेअठरा हजार कोटींचा तोटा झाला. ग्राहकाला त्या काळात झळ कमी बसली, हे मान्य करायला हवे. पुढे कच्चे तेल उतरले, पण भाव तेथेच राहिले. मधल्या काळात उतरला तो कर : मे २०२२ मध्ये केंद्राचा आणि जुलैमध्ये राज्याचा. कंपन्यांनी स्वतःहून दोन रुपये कमी केले ते थेट १५ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापासून. २०२३-२४ मध्ये तिघींचा एकत्रित निव्वळ नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये होता.

आधीचा तोटा भरून काढला, असा कंपन्यांचा युक्तिवाद. मात्र २०२२-२३ हे अख्खे वर्ष धरले तर तिघींचा मिळून हिशेब अकराशे कोटींच्या नफ्यातच होता, शिवाय गॅस सिलिंडरच्या तोट्यापोटी केंद्राने २२ हजार कोटी दिले होते. त्यामुळे भरपाईचा मुद्दा या आकड्यांपुढे लंगडा पडतो. उलट बाजूही सांगायला हवी : २०२४-२५ मध्ये हाच नफा साडेतेहेतीस हजार कोटींच्या आसपास आला. आणि या कंपन्या सरकारी आहेत. नफ्यातील लाभांशाचा मोठा वाटा पुन्हा सरकारकडेच जातो. म्हणजे कर आणि नफा ही वरकरणी दोन खाती दिसली, तरी त्यांचा मालक बराचसा एकच आहे.

रत्नागिरीत या चर्चेला आणखी एक फाटा फुटतो. राजापूर तालुक्यात आधी नाणार आणि नंतर बारसू येथे रिफायनरीचा प्रस्ताव आला तो याच तीन कंपन्यांच्या भागीदारीतून. रिफायनरी झाली तर जिल्ह्यात पेट्रोल स्वस्त होईल, असे समर्थन करणारेही भेटतात. तसे होत नाही. पंपावरच्या भावाचा आधार आंतरराष्ट्रीय बाजारातील दर असतो, रिफायनरी किती किलोमीटरवर आहे हा नाही. अंतराचा फरक पडतो तो वाहतुकीच्या काही पैशांत. मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत, तरी जून २०२२ मध्ये तेथे पेट्रोल १११ रुपयांच्या वर होते. रोजगार, जमीन, आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी यांवर रिफायनरीचा वाद जरूर व्हावा. स्वस्त पेट्रोलचे आमिष त्यात नको.

भावाचा खरा चटका बसतो तो मिरकरवाडा बंदरात. ट्रॉलरच्या फेरीचा मोठा खर्च डिझेलचा. यांत्रिक नौकांना डिझेलवरील राज्य कराचा परतावा मच्छीमार सोसायट्यांमार्फत मिळतो, पण तो वेळेवर हाती पडत नाही, ही जुनी तक्रार. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल बाजारभावाने देण्याचे ठरले, तेव्हा सोसायट्यांचे पंपही घाऊकमध्ये गणले गेले. मार्च २०२२ मध्ये तोच प्रकार पुन्हा झाला. मुंबईत रस्त्यावरच्या पंपावर डिझेल ९४ रुपये, तर घाऊक दर १२२. एसटी महामंडळाने आपल्या गाड्या खासगी पंपांकडे वळवल्या. नौकामालकापुढे मात्र पेच होता : सोसायटीचे महाग डिझेल घेऊन परताव्याची वाट पाहायची, की बाहेरचे स्वस्त घेऊन परतावा सोडायचा. त्यांपैकी काहीही निवडले तरी वाढीव खर्च मासळीच्या भावात पूर्ण वसूल होत नाही, कारण लिलावात बोली लागते ती त्या दिवशी बंदरात किती मासळी उतरली यावर, नौकेने किती डिझेल जाळले यावर नव्हे.