सापाची ओळख : केव्हा आणि कशासाठी?

दोरीच्या ठायी सर्पाचा भास होणे, हा आपल्या वेदान्ताचा आवडता दृष्टान्त आहे. त्यातील मनुष्य घाबरतो, दिवा आणल्यावर त्याचा भ्रम फिटतो आणि नुकसान कोणाचेच होत नाही. परंतु पावसाळ्यात आपल्या पडव्यांतून आणि वसाहतींच्या जिन्यांखाली जी भ्रांती घडते, ती साप आणि दोरी यांच्यातली नसून एक साप आणि दुसरा साप यांच्यातली असते. तीत कधी सापाचा जीव जातो, कधी माणसाचा.

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असाच प्रसंग ओढवला. जमिनीवर झोपलेले त्याचे वडील पहाटे पोट दुखते म्हणून उठले. अंथरुणाजवळ काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. तो तत्काळ ठेचला गेला. मग जमलेल्या मंडळींत वाद सुरू झाला : हा मण्यार की कवड्या? दंशाची खूण दिसत नव्हती. एका सुशिक्षित गृहस्थांनी 'बिनविषारी कवड्याच' असा निर्वाळा दिला. वडिलांच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तेव्हा कोठे गाडीची शोधाशोध झाली. ते वाचले; परंतु अकरा दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर काढून आणि घरची दोन एकर जमीन गहाण टाकून. विद्यार्थ्याचे ते वर्ष वाया गेले.

वास्तविक हा भेद पुस्तकात सोपा आहे. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात; तो भिंतीवरही सहज चढतो. घोणस जाड अंगाची, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा असलेली. डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. निरुपद्रवी डुरक्या घोणशीची शेपटी आखूड आणि पाठीवरचे डाग वेडेवाकडे असतात. कोकणातील लोकांना परिचित असलेले फुरसे लहानखुरे. वेटोळे घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि करवतीसारखा आवाज काढते. फणेवरच्या दहाच्या आकड्यामुळे नाग ओळखू येतो खरा, पण तो प्रत्येक वेळी फणा काढतोच असे नाही आणि मग धामणीची व त्याची गल्लत होते.

ही माहिती प्रत्येक घरात असावी, याविषयी दुमत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. ओळखण्यातील चूक दोन प्रकारची असते. बिनविषारी सापाला विषारी मानले, तर एक धामण मरते आणि कोठारातील उंदरांना मोकळे रान मिळते. विषारी सापाला बिनविषारी मानले, तर घरातला कर्ता माणूस जातो. या दोन चुकांची किंमत समान नाही. म्हणून दोन्ही वेळी सारखाच आत्मविश्वास बाळगणे हा शहाणपणा नव्हे.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, सापाची ओळख दंशापूर्वी उपयोगी, दंशानंतर जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. डॉक्टर रुग्णाची लक्षणे पाहतात. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे तपासतात. त्यांना मेलेल्या सापाची गरज नसते. साप मारण्यात वेळ जातो, शिवाय ठेचलेले डोकेही काही काळ चावू शकते. जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळणे हे अपायकारकच आहे. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन रुग्णालय गाठावे. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही. तेव्हा जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, मळमळ आणि पापण्यांचा जडपणा जाणवला, तर खूण नसली तरी संशय घ्यावा.

मांत्रिकाची कीर्ती टिकून आहे तीही याच हिशेबातील गफलतीवर. आपल्या आसपासचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. जे कसेही वाचणारच होते त्यांचे श्रेय मंत्राला मिळते आणि जे दगावतात त्यांची नोंद नशिबाच्या खात्यात होते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली संशोधकांनी मांडला. त्यांत बहुतेक ग्रामीण भागातील होती. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे; पण ते आराखड्यातून नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतकपाटातून साध्य होईल. रात्री दोन वाजता तेथे लस आहे काय, ती टोचण्याचे धैर्य असलेला डॉक्टर आहे काय आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय किती मैलांवर आहे, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात सापांचा तक्ता अवश्य लावावा. मात्र त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे : 'अंधारात बॅटरी घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, आणि दंश झाल्यास हा तक्ता पाहत बसू नका.'