पडदा उजळण्याआधीचा प्रश्न

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लहानलहान गाळ्यांतून यंत्रांचा आवाज सतत ऐकू येतो. यांतली बरीच यंत्रे आता संगणकाच्या आज्ञेवर चालतात. कामगार त्यांना 'सीएनसी' म्हणतात. अशा लेथवर गोल जॉबची समोरची बाजू सपाट करण्याचे काम, म्हणजे फेसिंग, चालू असेल, तर जरा कान द्या. हत्यार कडेकडून मध्याकडे सरकू लागले की आवाज चढत जातो. असे का होत असेल?

उत्तर वाचण्याआधी एक अंदाज करा. जॉबचा व्यास १०० मिलिमीटर आहे. हत्याराखालून धातू दर मिनिटाला १२० मीटर या वेगाने सरकायला हवा. त्यासाठी कडेशी मिनिटाला सुमारे ३८२ फेरे लागतात. हत्यार १० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आले, की तोच वेग राखण्यासाठी किती फेरे लागतील? कमी, तितकेच, की जास्त? आकडा कागदावर लिहा, मगच पुढे वाचा.

कडेच्या वर्तुळाचा परीघ ३१४ मिलिमीटर आहे, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा धातू हत्याराखालून जातो. व्यास १० मिलिमीटर झाला की परीघ उरतो ३१.४. तोच वेग हवा तर फेरे दहापट, म्हणजे सुमारे ३८२० व्हायला हवेत. आठवीच्या गणितातले हे व्यस्त चलन आहे. जी-९६ या आज्ञेने सीएनसी लेथ फेरे आपोआप वाढवत नेतो. आवाज चढतो तो त्यामुळे.

आता ठीक मध्यावर काय होईल? व्यास शून्य, आणि शून्याने तर भागता येत नाही! म्हणूनच यंत्राला कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी सांगून ठेवावी लागते. ती चुकली तर अतिवेगाने चकची पकड सैल होऊन जॉब उडू शकतो. गणितातली एक अडचण इथे माणसाच्या जिवाशी येऊन भिडते.

हा धडा अभियांत्रिकीच्या वर्गात दोन तऱ्हांनी शिकवता येतो. एका प्राध्यापकांनी प्रोजेक्टरवर हलते चित्र लावले. हत्यार सरकले, आकडे वाढले, आलेख उमटला, तास संपला. दुसऱ्यांनी तेच चित्र ५० मिलिमीटरवर थांबवले, प्रत्येकाला पुढचा आकडा लिहायला लावला, शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू दिला, आणि मगच चित्र पुढे नेले. साधन एकच. पहिल्या वर्गात फक्त संगणकाने काम केले, दुसऱ्या वर्गात विद्यार्थ्यांनीही.

या फरकाला आधार आहे. संगणकाच्या रीती चित्रांतून दाखवणाऱ्या साधनांवरील २४ प्रयोगांचा आढावा हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ साली घेतला. चित्र काय दाखवते यापेक्षा विद्यार्थी ते कसे वापरतात याला अधिक महत्त्व असते, असे त्यांना आढळले. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या एका मोठ्या वर्गात 'आधी स्वतः विचार करा, मग जोडीदाराशी बोला, मग वर्गाला सांगा' ही पद्धत वापरली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले होते. या पद्धतीला लागतो एक चांगला प्रश्न आणि थोडा वेळ. महागडे यंत्र लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासून दिसू लागले. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रही असे कार्यक्रम तयार करी. गावोगावच्या विद्यार्थ्यांना त्यांतून चांगले अध्यापक पाहायला मिळाले. पण दूरदर्शनला थांबवून प्रश्न विचारता येत नव्हता. संगणकाला तो विचारता येतो. एक आकडा बदला, तो लगेच नवे उत्तर देतो. तरीही त्यावर एकामागून एक पाने नुसती सरकवत राहिलो, तर आपण नवे साधन जुन्याच रीतीने वापरत असतो.

पडद्याच्या मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगायला हव्यात. साध्या चित्रात फेरे क्षणात बदलतात. खऱ्या लेथच्या जड चकला वेग घ्यायला वेळ लागतो. चित्रातली चूक पुसता येते, यंत्रावरची नाही. भोसरीतल्या विद्यार्थ्याला खरे यंत्र हाकेच्या अंतरावर आहे. चित्रातून काढलेला अंदाज तिथे जाऊन पडताळला, तर धडा पुरा होतो.

शाळेतही हे जमेल. एक संगणक पुरे. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात व्यास १००, ५०, २५, १० असे लिहा. दुसऱ्या रकान्यात १,२०,००० ला व्यास आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागण्याचे सूत्र घाला. मात्र उत्तरे दाखवण्याआधी पडदा झाका आणि वर्गाला विचारा, "आलेख सरळ रेषा येईल की वाकडी?" मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घ्या. बरेच चुकतील, चुकू द्या. आपला अंदाज फळ्यावर असला, की पडदा उघडताना मूल डोळे बारीक करून पाहते.