वाचायला कुठून सुरुवात करायची?

"ताई, अख्खी बाराखडी म्हणतो, पण एक अक्षर दाखवलं तर सांगत नाही. डोकं कमी आहे का हो याचं?"

आमच्या वस्तीतल्या एका आईने हे विचारले तेव्हा मूल शेजारीच उभे होते. साडेचार वर्षांचे. त्याने ऐकले आणि मान खाली घातली.

मी त्याला भिंतीवरच्या तक्त्यापाशी नेले. 'अ'वर बोट ठेवले, तो "अ" म्हणाला. मग एकदम खाली 'म'वर बोट ठेवले, तर तो "आ" म्हणाला. म्हणजे तो तक्ता वाचत नव्हता. गाणे पाठ असावे तसा तो त्याला पाठ होता. तीन महिने रोज संध्याकाळी त्याच्याकडून जे घोकून घेतले जात होते, ते त्याच्या दोन पायऱ्या वरचे होते.

म्हणून शिकवायला बसण्याआधी मूल कोणत्या पायरीवर आहे ते बघून घ्या. दहा मिनिटे पुरतात. फक्त मूल जेवलेले, झोप झालेली असावी. संध्याकाळी पेंगुळलेल्या मुलाची परीक्षा घेऊन काहीच कळत नाही.

'असर' नावाची मुलांच्या वाचनाची पाहणी २००५ साली सुरू झाली. घरोघरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट असते. उतारा आधी देतात. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, शब्द नाही जमले तर अक्षरे. पाचपैकी चार बरोबर आली की ती पायरी जमली असे धरतात. ही पाहणी पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, पण मधून सुरू करून खालीवर जाण्याची रीत घरी उचलण्यासारखी आहे.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पाच अक्षरे मोठी लिहा : घ, र, ब, स, न. पत्ते पिसावे तशी पिसा आणि एकेक दाखवा. चार ओळखली तर याच अक्षरांचे शब्द द्या : घर, बस, रस, सर, नस. तेही जमले तर तुमच्या मुलाची सुरुवात कान्यापासून करा : बाबा, नाना, घास, बारा. वेलांटी, उकार त्यानंतर. जोडाक्षरांची आत्ता आठवणही काढू नका. अक्षरे येतात पण शब्द जुळत नाहीत, तर दोन अक्षरांच्या शब्दांवरच थांबा. "घ... र... घर" असे आधी आपण म्हणून दाखवायचे.

अक्षरेच येत नसतील तर ती घोकून घेऊ नका, एक पायरी खाली या. ही पायरी कानाची आहे, आणि इथे आईला किंवा आजीला स्वतःला वाचता येत नसले तरी काही अडत नाही. भाकऱ्या थापता थापता होते. "बटाटा म्हण आणि टाळ्या वाज" : ब-टा-टा, तीन टाळ्या. "माझ्या मनात 'बा'ने सुरू होणारी एक वस्तू आहे, पाणी भरतो त्यात." "बादलीतला 'बा' काढला तर काय राहिलं?" 'दली' ऐकून मुले खदाखदा हसतात. ज्याला हे जमते त्याला अक्षर दिले की चिकटते. ज्याला टाळ्याही जमत नाहीत, त्याच्याशी महिनाभर हाच खेळ खेळा, गोष्टी सांगा, चित्रे दाखवून "हे काय करतायत?" असे विचारा.

वरच्या पाच अक्षरांत ण आणि ळ मी मुद्दाम घेतलेले नाहीत. आपल्या पुष्कळ घरांत 'पानी' म्हणतात. त्या मुलाच्या कानावर 'ण' फारसा पडलेलाच नसतो. ते त्याचे चुकले असे नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. तिच्यावरून त्याला हसायचे नाही, आणि कोणी हसले तर आपण गप्प बसायचे नाही. जे आवाज त्याच्या तोंडात आहेत त्यांची अक्षरे आधी, ण आणि ळ नंतर.

आमच्या पिढीला 'ग म भ न' या क्रमाने शिकवले. तो क्रम हाताच्या सोयीचा, लिहायला वळण बसावे म्हणून. वाचताना मात्र म आणि भ जुळ्या भावांसारखे दिसतात. तसेच घ-ध, ब-व, प-ष. अशा जोडीतले एक पक्के होईपर्यंत दुसरे दाखवू नये. 'अ'पासूनच सुरू केले पाहिजे असेही नाही. मुलाच्या नावाचे पहिले अक्षर सगळ्यात लवकर येते.

आता आरोग्याचे. मुलाला 'ढ' म्हणण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दीनंतर कान वाहतो, दडे बसतात, आणि जवळजवळचे आवाज मुलाला वेगळे ऐकू येत नाहीत. मागून हळू हाक मारा. वळत नसेल, टीव्ही सारखा मोठा करत असेल तर दाखवा. कानात गरम तेल घालू नका. पुस्तक नाकाला लावणे, मान वाकडी करून बघणे, तिरळेपणा ही डोळे दाखवण्याची कारणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते, तपासणी मोफत असते. पुढची तारीख अंगणवाडीच्या ताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

नवीन शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा धरले आहे. चार वर्षांचे मूल वाचत नाही म्हणजे मागे पडले, असे नाही. शेजारच्या खाजगी नर्सरीतले मूल एबीसीडी म्हणते म्हणून घाबरू नका. तेही बहुतेक वेळा गाणेच असते.

त्या मुलाचे नाव 'स'ने सुरू होते. तक्ता आम्ही भिंतीवरून उतरवला. पंधरा दिवस टाळ्या, मग एकटा 'स', मग 'ब'. परवा तो आईचा हात ओढत स्टॉपवर उभा होता आणि पाटीवर बोट ठेवून ओरडत होता, "ब... स... बस!" समोर बस आलेली होती, त्यामुळे त्याने वाचले की ओळखले हे सांगता येत नाही. आई विचारते, बाराखडी कधी घ्यायची? मी म्हटले, पाऊस संपू दे, मग बघू.