चोडणचा चिखल

पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोट सुटते आणि थोड्याच वेळात मांडवीतल्या चोडण बेटाला लागते. उतरणारे बहुतेक पर्यटक गळ्यात दुर्बीण अडकवून थेट सलीम अली पक्षी अभयारण्य गाठतात. बेटाच्या पश्चिम टोकाचं हे कांदळवन जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं. पक्षी दिसतातच, पण खरी गंमत चिखलात आहे.

ओहोटी लागली की तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारत फिरतात. मासा, आणि पाण्याबाहेर? कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवायचं आणि ओल्या कातडीतूनही श्वास घ्यायचा, अशी त्यांची युक्ती. शेजारीच एक नांगी भलतीच मोठी असलेला छोटासा खेकडा ती वरखाली हलवत असतो. हा नर, मादीला बोलावणं चाललेलं असतं.

माणसांचं कसब पाहायचं तर खाजन शेतांकडे वळावं. खाऱ्या पाण्याला बांध घालून ही जमीन राखलेली. बांधात ‘मानस’ असते, म्हणजे झडपांचं दार. भरतीच्या दाबानेच झडप मिटते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की खाजनात कोरगुट हे खारटपणा सोसणारं भात घ्यायची जुनी रीत आहे.

जायचं असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून निघा. भरतीत हा सगळा चिखल पाण्याखाली जातो.