पोती भरून झाली, आता पुढे काय?

दोन ऑक्टोबर जवळ आला, की महिला मंडळाची चिठ्ठी येतेच. रविवारी सकाळी सात वाजता सार्वजनिक सफाई, सर्व भगिनींनी जुने कपडे घालून यावे! मैत्रिणींनो, जरूर जा. पण या कामाची एक घाणेरडी बाजू असते. ती आधी कुणी सांगत नाही, म्हणून आज तीच सांगते.

नाल्याकाठचा कचरा लांबून नुसता प्लॅस्टिकचा वाटतो. हात घातला, की एकेक निघू लागतं. गाठ मारून फेकलेला शिळा भात, फुटलेल्या बाटल्या, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया, बाळांचे डायपर आणि घरात आपण कुणाच्या दृष्टीस पडू देत नाही ती पॅड्‌स. नाक मुरडावंसं वाटतं, हो ना? पण हे सारं आलंय कुठून? तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच मोरीतून आणि स्वयंपाकघरातून!

म्हणून तयारीनं जावं. भांडी घासायचे पातळ हातमोजे काचेपुढे टिकत नाहीत, जाड घ्या. पायांत चपला नकोत, बंद बूट हवेत. सुया चिमट्यानं उचलून जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. भरलेलं पोतं अंगाला टेकवून उचलू नका. काही टोचलं-कापलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. 'घरी जाऊन हळद लावते' म्हणू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, तेही विचारा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तर उतरूच नये. उंदरांच्या मूत्रातून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि साध्या खरचटण्यातूनही अंगात शिरतात.

पण खरा घोळ होतो तो पोती भरल्यानंतर. आमच्या शेजारच्या कॉलनीत गेल्या वर्षी चाळीस पोती भरली. फोटो झाले, चहा-पोहे झाले, सगळ्या घरी गेल्या. गाडी काही आली नाही. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पोती फाडली आणि रोज झाडायला येणाऱ्या बाईंनी तोच कचरा पुन्हा गोळा केला. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण दुप्पट काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

तुम्ही म्हणाल, हे आपल्यासारख्या नवख्यांचंच होतं. तसं नाही हं! मुंबईत वर्सोव्याचा किनारा साफ करायला अफरोज शाह या वकिलांनी एका वृद्ध शेजाऱ्यासह ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरुवात केली. दर शनिवार-रविवारी शेकडो माणसं जमू लागली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना काम थांबवावं लागलं. स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती आणि गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता. पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून कासवाची पिल्लं समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली.

तेव्हा मंडळाच्या बैठकीत बॅनरच्या आधी गाडीचं विचारा. किती वाजता येणार, कुठं थांबणार, ओला-सुका वेगळा घेणार का? नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गाडी ठरत नसेल, तर रविवार पुढे ढकला. शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत दोघींनी तिथं थांबायचं, हेही आधीच ठरवा.

आणि एक काम आपल्या घरातलं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम चालवली. वापरलेलं पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. आत काय आहे, हे कचरा निवडणाऱ्या बाईला उघडल्याशिवाय कळतं. एक जुनं वर्तमानपत्र, एक लाल पेन, खर्च काहीच नाही. आजच न्हाणीघरात ठेवून द्या आणि घरातल्या मुलींनाही दाखवा.